हळदीतलं ‘डीएनबी’ आणि पॉप रिमिक्स: ड्रम अँड बेसचं नक्की काय झालं?

खाडीपलीकडे (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. इथे भीमसेन, भावगीतं आणि फार तर पिंक फ्लॉइडपर्यंत धागे निघतात, म्हणून जरा बिचकतच हा काढतोय.

हल्ली रत्नागिरीपासून खाली राजापूरपर्यंत हळदीला किंवा गणपती आणायला जो डीजे येतो, त्याच्या पेनड्राइव्हवर ‘डीएनबी मिक्स’ (डीएनबी म्हणजे ड्रम अँड बेस) नावाचं एक फोल्डर हमखास असतं. उघडून बघितलं तर एखादं गाजलेलं हिंदी प्रेमगीत नाहीतर रीलमध्ये फिरणारं इंग्रजी गाणं, आणि त्याच्याखाली १७४ बीपीएमच्या (मिनिटाला १७४ ठोके) वेगाने पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ठेका. पोरं नाचतात, मजा करतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांच्या लेखी ड्रम अँड बेस म्हणजे ‘कुठलंही गाणं फास्ट करून मारलेलं’, आणि तिथे माझं डोकं फिरतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लंडन, ब्रिस्टल वगैरे ठिकाणी जंगल नावाचं संगीत उभं राहिलं. जमैकातून आलेल्या लोकांची साउंड सिस्टिमची परंपरा, रेव्ह पार्ट्यांचा वेग आणि जुन्या अमेरिकन सोल-फंक तबकड्यांमधले ड्रमचे तुकडे, अशी ती भट्टी. पुढे त्यालाच ड्रम अँड बेस म्हणायला लागले. यातला सर्वांत प्रसिद्ध तुकडा म्हणजे ‘अॅमेन ब्रेक’. द विन्स्टन्स या बँडच्या १९६९ च्या ‘अॅमेन, ब्रदर’मध्ये ड्रमर ग्रेगरी कोलमन चार बार (एक बार म्हणजे चार मात्रा) एकटाच वाजवतो. जेमतेम सात सेकंद. पोरांनी ते सात सेकंद सॅम्पलरवर (आवाजाचे तुकडे साठवून वाजवायचं यंत्र) घेतले, वेग वाढवला, एकेक ठोका सुटा केला आणि हवे तसे परत जोडले. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) उलटी, स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) दोनदा, झांज अर्धवट कापलेली. चार मिनिटांच्या ट्रॅकमध्ये ड्रम सतत काहीतरी नवीन बोलत राहायचे आणि खाली बेस संथपणे, निम्म्या चालीने फिरायचा.

म्हणजे या संगीतात मुख्य गायक ड्रम आहे. पॉप रिमिक्समध्ये त्यालाच साथीला बसवतात. वर नामांकित गळा असतो, त्याचे शब्द ऐकू यायला हवेत, मग ड्रमने मध्ये बोलायचं नाही. पहिल्या मात्रेवर किक, दुसरीवर स्नेअर, तिसरीनंतर अर्ध्या मात्रेने पुन्हा किक, चौथीवर स्नेअर. झालं. हाच ठेका तीन मिनिटं.

गाणं असणं हा गुन्हा आहे असं मी म्हणत नाही. ब्रिटिश संगीतकार गोल्डीचं ‘इनर सिटी लाइफ’ ऐका. डायान शार्लमेनचा काय आवाज आहे! आणि ती गात असताना खाली ड्रम एक क्षण स्वस्थ नाहीत. १९९५ च्या ‘टाइमलेस’ अल्बममध्ये हे गाणं ज्या मूळ रचनेचा भाग आहे ती २१ मिनिटांची आहे. गळा आणि ड्रम दोघांनाही जागा देता येते, फक्त द्यायची इच्छा पाहिजे.

तर प्रश्न असा की मुख्य प्रवाहातल्या या रिमिक्सनी संगीत पसरवलं की पातळ केलं? माझं मत वर आलंच आहे. तुमचं लिहा.

---

सुरंगी (वेंगुर्ला)

धागा आवडला, सूर नाही आवडला.

मी या संगीतात रिमिक्सच्याच दाराने आले. बारावीत असताना ब्रिटिश गायिका पिंकपँथरेसचं ‘ब्रेक इट ऑफ’ ऐकलं, जेमतेम दीड मिनिटाचं. खालचा ठेका कुठला म्हणून शोधलं तर तो अॅडम एफच्या ‘सर्कल्स’चा, माझ्या जन्माच्या आधीच्या ट्रॅकचा निघाला. तिथून एलटीजे बुकेम, मग फोटेक, मग निया आर्काइव्हज. वेंगुर्ल्यात मला हे सांगायला कोण बसलं होतं? ना रेकॉर्डचं दुकान, ना क्लब. ते दीड मिनिट नसतं तर मी अजून कॉलेजच्या गॅदरिंगमधल्या गाण्यांवरच असते.

दुसरं म्हणजे, ‘पॉपने वाट लावली’ असं म्हणताना बरेचदा ‘मुलींना आवडायला लागलं म्हणजे वाट लागली’ असा वास येतो. तुमच्या लेखात नाही आला, पण कमेंटवाल्यांच्या बोलण्यात येतो, म्हणून आधीच लिहून ठेवते.

---

चिरेबंदी (गुहागर)

भलं झालं की वाटोळं ते तुमचं तुम्ही ठरवा. आमच्या शेजारच्या पडवीत रात्री साडेअकराला हे सुरू होतं तेव्हा आमच्या माडीवरची कौलं वाजतात. फडताळातली भांडी वाजतात. आईला बीपीची गोळी आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत: रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. यावर कोणी धागा काढत नाही.

---

मिक्सर_मामा (चिपळूण)

@चिरेबंदी, तुमचं बरोबर आहे. माझा साउंडचा धंदा आहे तरी सांगतो. गाण्याचे शब्द भिंतीला अडतात, बेस अडत नाही. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळजवळ सात मीटर. तुमच्या चिऱ्याची भिंत जाड असून किती जाड असणार? आणि वर कौलं नुसती ठेवलेली, म्हणून ती थरथरतात. पार्टीला बेस बिन्स (खालच्या आवाजाचे मोठे स्पीकर) घराकडे पाठ करून लावायला सांगा, थोडा फरक पडतो. फार नाही, कारण खालचा बेस चारी दिशांना जातो. दहाला बंद करणं हाच खरा उपाय.

आता मूळ विषय. धागाकर्त्याने ड्रमबद्दल लिहिलं, मी बेसबद्दल लिहितो. जुन्या ट्रॅकमध्ये बेस ४०-५० हर्ट्झच्या आसपास असतो. तो कानापेक्षा छातीला कळतो. फोनवर लावलात तर तिथे काही नाहीच, शून्य. नव्या पॉप रिमिक्सवाल्यांना माहीत असतं की ९० टक्के जनता फोनवर ऐकणार (आकडा माझ्या अंदाजाचा, भांडू नका). मग ते बेसला खरखर देतात, वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराबरोबर वाजणारे वरचे सूर) वाढवतात, म्हणजे छोट्या स्पीकरवरही ‘बेस आहे’ असा भास होतो. भासाला हरकत नाही, पण त्या नादात खालचं कापून टाकतात. मग तेच गाणं माझ्या अठरा इंची बिन्सवर लावलं की मधलं सगळं बोंबलतं आणि खाली पोकळ. पब्लिक म्हणतं, मामा, तुझे बिन्स गेले. अरे बिन्स नाही गेले, गाण्यातच काही नाही!

त्यात भर म्हणजे फाइल यूट्यूबवरून ओढलेली, मग व्हॉट्सअॅपवरून फिरलेली. असो.

---

ऑक्टापॅडवाला (लांजा)

मी बँजो पार्टीत ऑक्टापॅड वाजवतो. वर्षाचे चार महिने सुपाऱ्या, बाकी वेळ कलमांच्या बागेत. इंग्रजी गाण्यांचा इतिहास मला ठाऊक नाही, पण धागाकर्ता जे ‘ड्रमने मध्ये बोलायचं नाही’ म्हणतोय ते मी हाताने अनुभवतो.

१७४ ला दोन आणि चारवर स्नेअर ठेवणं काही कठीण नाही. महिनाभरात कुठलाही पोरगा करेल. खरी कसोटी मधल्या हलक्या काड्यांची. डाव्या हाताने स्नेअरच्या पॅडवर इतकं हळू मारायचं की ठोका ऐकू यावा पण मोजता येऊ नये. त्याने ठेका पुढे ढकलला जातो. मनगट घट्ट झालं की संपलं, सगळ्या काड्या सारख्या पडतात आणि शिवणयंत्र चालल्यासारखं वाटतं. पॅडची सेन्सिटिव्हिटी मी त्यासाठी मुद्दाम वाढवून ठेवतो, मग कधी कधी शेजारचा पॅड आपोआप वाजतो, तो त्रास वेगळा. आमच्या ताशेवाल्याला हे शिकवावं लागलं नाही. ताशाचा सगळा जीवच मधल्या भरावात असतो. मी त्याला फोनवर अॅमेन ब्रेक ऐकवला तेव्हा दोनदा ऐकून त्याने ताशावर जवळपास तोच काढून दाखवला आणि म्हणाला, ‘ह्यो माणूस बरा वाजवतो.’

पण मागच्या गणपतीत मी असं काही करायला गेलो की पुढे नाचणारे हात करून सांगायचे, ‘ए, मध्ये मध्ये करू नको, सरळ वाजव, रिमिक्ससारखं!’ त्यांचा पाय त्या सरळ ठेक्याला बसलाय. फिरवलं की ते अडखळतात आणि मग पार्टीचं नाव खराब. मंडळवाले पुढच्या वर्षी दुसऱ्याला सुपारी देतात. तर नुकसान कुठे झालं विचाराल तर ऐकणाऱ्याच्या पायात झालंय.

---

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

@ऑक्टापॅडवाला, हा प्रतिसाद माझ्या अख्ख्या धाग्यापेक्षा भारी आहे. ताशेवाल्यांना दंडवत.

@सुरंगी, पहिला मुद्दा मान्य, दार म्हणून रिमिक्स चालतं. पण तू मागे शोधत गेलीस. हळदीतली किती पोरं जातात?

---

सुरंगी

हळदीत कोणी शोधायला जातं का हो? तिथे तुम्ही एलटीजे बुकेम लावलात तरी लोक बिर्याणीच शोधणार.

---

हर्णै_ते_हाउन्स्लो

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण आता राहवत नाही. गाव हर्णै, गेली बरीच वर्षं लंडनच्या पश्चिमेला मुक्काम. हे भांडण इथे नवं नाही, उलट या संगीताच्या जन्मापासून चालू आहे.

१९९४ ला एम-बीट आणि जनरल लेव्ही यांचं ‘इनक्रेडिबल’ ब्रिटनच्या चार्टवर आठव्या क्रमांकापर्यंत गेलं. लेव्ही हा रॅगा (जमैकन धाटणीचा, आपला राग नव्हे) गायक. जंगल आपणच चालवतो अशा अर्थाचं तो एका मासिकात बोलला म्हणून मोठे डीजे भडकले आणि ते गाणं वाजवायचंच नाही असं ठरलं. तेव्हाही हाच सूर: पॉपवाले आले, आता संपलं. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९७ ला, रोनी साइझ आणि रेप्राझेंटच्या ‘न्यू फॉर्म्स’ला मर्क्युरी प्राइझ (तिकडचा वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार) मिळालं. म्हणजे संपलं वगैरे काही नव्हतं.

मग २०१२ ला डीजे फ्रेश आणि रिटा ओराचं ‘हॉट राइट नाऊ’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, ड्रम अँड बेसचं ते पहिलं नंबर वन. त्याच वर्षी रुडिमेंटलचं ‘फील द लव्ह’. २०१४ ला सिग्माचं ‘नोबडी टू लव्ह’, आणि ते तर अक्षरशः रिमिक्समधूनच आलं. कान्ये वेस्टच्या ‘बाउंड २’चं विनापरवाना बूटलेग त्यांनी केलं, ते लोकांनी उचललं, मग अधिकृत गाणं झालं. अलीकडे २०२३ ला केन्या ग्रेसचं ‘स्ट्रेंजर्स’ आणि २०२४ ला चेस अँड स्टेटस आणि स्टॉर्म्झीचं ‘बॅकबोन’, दोन्ही पहिल्या क्रमांकावर. दर लाटेला जुने लोक म्हणतात की बुडालं. मी तर इथे आल्यापासून हेच ऐकतोय, आणि दर शनिवारी कुठल्यातरी तळघरात दोनशे माणसं घामाघूम होऊन अजून नाचताहेत.

धागाकर्त्याचा एक मुद्दा मात्र मी वेगळ्या टोकाने मान्य करतो. डीजेसाठी बनवलेल्या ट्रॅकला आधी ३२ किंवा ६४ बारची नुसत्या ड्रमची सुरुवात असते. १७४ ला ३२ बार म्हणजे ४४ सेकंद. तेवढ्यात डीजे आधीचा ट्रॅक आणि नवा ट्रॅक एकमेकांत मिसळतो, आणि ती मिसळण हीच खरी कला. स्ट्रीमिंगवर ३० सेकंद ऐकलं तर ते ‘ऐकलं’ म्हणून मोजलं जातं. मग ४४ सेकंद नुसते ड्रम कोण ठेवणार? पहिल्या सेकंदालाच गळा. असे ट्रॅक एकामागून एक लावता येतात, एकात एक विणता येत नाहीत. गाण्यापेक्षा डीजेच्या हातातलं काम गेलं, असं माझं निरीक्षण.

---

कुडाळचो_बुवा

मंडळी, माका एक कळना नाय. ह्या वादात नवीन काय आसा?

(पुढचं सगळ्यांना समजेल असं लिहितो, नायतर नात ओरडते.)

मी चाळीसेक वर्षं भजनात आहे, डबलबारीही केल्यात. सिंधुदुर्गात डबलबारी म्हणजे दोन बुवा समोरासमोर, रात्रभर. आमच्या गुरूंच्या काळी अभंग पारंपरिक चालीत व्हायचे. मग सिनेमाच्या चाली आल्या. गजर सुरू झाला की लोक ओळखायचे, अरे हे तर अमुक पिक्चरचं! टाळ्या, शिट्ट्या. जुने बुवा चिडायचे. विठ्ठलाच्या नावाला नटीची चाल लावतास काय रे, असं तोंडावर म्हणायचे. पण लोक यायला लागले. जे तरुण भजनाला बसतच नव्हते ते पहिल्या रांगेत आले.

तोटा झाला तो मी सांगतो. सिनेमाची चाल आली की पखवाजवालो अडकता. तिचा ठेका ठरलेला, लांबी ठरलेली. पूर्वी बुवा एका ओळीवर रेंगाळायचा आणि पखवाजवाला त्याला आडवी लय देऊन खेळवायचा. दोघांची ती झटापट बघायला लोक पहाटेपर्यंत बसायचे. सिनेमाच्या चालीत बुवा पुढे पळतो, पखवाजवाला मागून हमाली करतो. तुमच्या त्या ड्रमवाल्याचं जे झालं म्हणता ते हेच ना?

पण चांगल्या बुवांनी वाट काढली. गजराला सिनेमाची चाल, लोक जमवायला. लोक जमले की अभंग जुन्या चालीत, आणि तिथे पखवाजाला मोकळं रान. दोन्ही ठेवलं. ज्यांनी नुसत्या चालीच ठेवल्या त्यांची बारी पुढच्या वर्षी कोणी लावली नाय, कारण पिक्चर जुना झालो.

---

मिक्सर_मामा

बुवा, _/\_

---

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

बुवा, नातीला सांगा मालवणीतच लिहू दे, आम्हाला कळतं.

‘पिक्चर जुना झालो’ हे फारच नेमकं. ज्या गाण्याच्या लोकप्रियतेवर रिमिक्स उभा आहे ते गाणं विसरलं गेलं की रिमिक्समध्ये उरतं काय? हाय कॉन्ट्रास्टने अॅडेलच्या ‘होमटाउन ग्लोरी’चा २००८ च्या सुमाराला केलेला रिमिक्स मी आजही ऐकतो. अॅडेल पुढे एवढी मोठी झाली नसती तरी ऐकला असता, कारण तिच्या पियानो आणि आवाजाभोवती त्याने जे रचलंय ते स्वतःच्या पायावर उभं आहे. तो रिमिक्स पॉप गाण्याचाच ना! म्हणजे माझा राग पॉपवर नसून आळसावर आहे, हे तुमच्या सगळ्यांच्या प्रतिसादांतून मला स्पष्ट होत गेलं.

आणि आळस का होतो तेही सांगतो, तांत्रिक आहे पण सोपं आहे. १७४ च्या निम्मे ८७. ज्या गाण्याची लय ८५-९० च्या आसपास आहे, म्हणजे आपली बरीच संथ हिंदी गाणी आणि तिकडची हिप-हॉप, त्यांचा आवाज जवळजवळ न ताणता १७४ च्या ठेक्यावर बसतो. वर गाणं निवांत, खाली ड्रम दुप्पट. हा योग इतका फुकटात जमतो की पोरं पाच मिनिटांत ‘रिमिक्स’ करून टाकतात. १२८ ची क्लबातली गाणी मात्र ३६ टक्के पळवावी लागतात, मग गायिकेची चिमणी होते. तीही टाकतातच.

---

सुरंगी

‘माझा राग आळसावर’ हे आता पटलं. हे शीर्षकात घाला.

अवांतर: रिमिक्स म्हणजे फक्त गोऱ्यांचं पॉप कशाला? ब्राझीलच्या डीजे मार्की आणि एक्सआरएसनी ‘एलके’ केलं ते ‘कॅरोलिना कॅरोल बेला’ या त्यांच्याच देशातल्या जुन्या लोकप्रिय गाण्यावरून. २००२ ला ते ब्रिटनच्या चार्टवर गेलं. त्या गिटारमुळे ट्रॅकला जो हलकेपणा आलाय तो लंडनच्या कोणाला सुचला नसता. तलविन सिंगने तबला आणला, लंडनच्या ब्लू नोट क्लबमध्ये त्याची ‘अनोखा’ नाइट व्हायची, १९९९ ला ‘ओके’ अल्बमला मर्क्युरीही मिळालं. मग आपण कोकणातले लोक काय करतोय? हिंदी गाण्याखाली प्रीसेट (संगणकातला तयार ठेका).

---

हर्णै_ते_हाउन्स्लो

+१. आणि गंमत म्हणजे त्याच ब्लू नोटमध्ये रविवारी गोल्डीच्या मेटलहेड्झची नाइट असायची. एकाच तळघरात आठवड्याच्या एका रात्री तबला, दुसऱ्या रात्री अॅमेन. ती सरमिसळ कोणी ठरवून केलेली नव्हती, जागाच तेवढी होती.

---

ऑक्टापॅडवाला

जाखडी, आपला कोकणातला गोल नाच, घ्या ना. शक्ती-तुऱ्याच्या (दोन पक्षांच्या सवाल-जबाबाच्या) बारीत मृदंग काय वाजतो बघितलंय? गोल फिरणाऱ्या पोरांच्या एका पायात घुंगरू, सगळ्यांचा पाय एकदम पडला की तो आवाजच स्नेअरसारखा येतो. आणि शाहीर वर सवाल टाकत असतो. आमच्या गावात नाच बसवतात, मी फोनवर रेकॉर्ड केलंय. धागाकर्त्याला पाठवतो, काहीतरी करा.

---

वकील_अष्टागर (अलिबाग)

थांबा, करण्याआधी दोन शब्द.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ३१सी कलम आलं. एखाद्या गाण्याचं कव्हर, म्हणजे नव्याने गाऊन-वाजवून केलेलं रेकॉर्डिंग, मूळ रेकॉर्डिंग ज्या वर्षी आलं त्या वर्षाअखेरीपासून पाच वर्षं उलटल्यावर, आधी सूचना आणि रॉयल्टी देऊन करता येतं, आणि तेही मूळ रचनेत मनमानी फेरफार न करता. मूळ गायकाचा आवाज उचलून त्याखाली ठेका घालणं हे कव्हर नव्हे. त्याला रेकॉर्डिंगच्या मालकाची परवानगी लागतेच. हळदीतलं बहुतेक ‘डीएनबी फोल्डर’ या हिशेबाने बेकायदा आहे, फक्त कोणी दावा लावत नाही एवढंच.

जाखडीचं काय? परंपरागत चालीवर कोणा एकाचा हक्क नसेल, पण त्या रात्री शाहिराने स्वतः रचलेले सवाल त्याचे आहेत, आणि जे रेकॉर्ड केलंत त्यात वाजवणाऱ्यांचे कलाकार म्हणून हक्क आहेत. फोनवर घेतलं म्हणून ते तुमचं होत नाही.

---

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

वकीलसाहेब, योग्य वेळी आलात. वरच्या लेखात मी ग्रेगरी कोलमनचं नाव घेऊन पुढे गेलो, त्याचं पुढे काय झालं ते लिहिलं नाही. त्याचे सात सेकंद हजारो गाण्यांत वापरले गेले. त्याला त्याची रॉयल्टी म्हणून काहीही मिळालं नाही. २००६ ला अॅटलांटात तो गेला तेव्हा त्याला राहायला घरही नव्हतं. बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सरसाठी ब्रिटनमधल्या लोकांनी २०१५ ला वर्गणी काढली आणि सुमारे २४ हजार पौंड जमवून दिले. कोलमन तेव्हा नव्हताच.

म्हणून पॉपवाल्यांनी ‘आमचं’ संगीत लुटलं असं ओरडताना माझा आवाज जरा खाली येतो. हे संगीतच न विचारता घेतलेल्या तुकड्यावर उभं आहे. फरक एवढाच की त्या पोरांनी तुकडा घेऊन त्यातून नवी भाषा काढली, आणि आताचे रिमिक्सवाले ती भाषा घेऊन त्यात एकच वाक्य बोलतात. पण कोलमनच्या बाजूने बघितलं तर दोघांनीही दिलं शून्य.

---

कुडाळचो_बुवा

शाहिराक विचारा, त्याच्या पायाक हात लावा, आणि पैशे आधी ठरवा. मागाहून ‘बघू’ म्हणू नकात. ‘बघू’ म्हणणाऱ्यांचे पैशे मी अजून बघतंय.

---

ऑक्टापॅडवाला

बुवा 😀

शाहिरांना विचारलं. ते म्हणाले, माझा सवाल घ्या, पण तो अर्धा तोडू नका, जबाबाशिवाय सवाल टाकला तर समोरची बारी मला हसेल. आणि मृदंगवाल्याचं नाव आधी लिहा, माझं मागाहून. पैशांचं त्यांच्याच घरी बसून ठरवू.

---

सुरंगी

सवाल आणि जबाब दोन्ही ठेवायचे तर ट्रॅक मोठा होईल. होऊ दे. मृदंगाचं एकट्याचं रेकॉर्डिंग वेगळं घ्या प्लीज, घुंगरू वेगळे. फोनवर सगळं एकत्र आलं तर नंतर सुटं करता येणार नाही, आणि सुटं झालं नाही की तुम्हीसुद्धा खाली प्रीसेटच टाकाल. मी मागे लागणार आहे.

---

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

ठरलं. मृदंग, घुंगरू, गळा तिन्ही वेगळे माइक. सुरुवातीला ६४ बार फक्त मृदंग. दीड मिनिट होतं, कोणी ऐको न ऐको. ठेका मृदंगवाल्याने वाजवलाय तसाच, मी फक्त कापणार आणि जोडणार, संगणकातली किक-स्नेअर वापरणार नाही. बेस मात्र माझा. @मिक्सर_मामा, ४५ हर्ट्झला ठेवला तर तुमचे बिन्स घेतील का?

---

मिक्सर_मामा

४५ घेतील. खाली ३५ ला फिल्टर लावा, नाहीतर कोन फाटेल आणि बिल तुम्हाला पाठवीन. ऐकून बघायला चिपळूणला गोडाऊनवर या, तिथे शेजार नाही. दुपारी या, @चिरेबंदी तुम्हीसुद्धा या, मीटर घेऊन. बिन्स माझे, जनरेटरचं डिझेल तुमचं.

---

चिरेबंदी

येतो. मीटर आहे माझ्याकडे.